पदवीवर्गातील समाजशास्त्र आणि मराठीतील नात्यांचे शब्द

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली १९१९ मध्ये सुरू झाला. १९२४ पासून त्याची धुरा गो. स. घुर्ये यांनी वाहिली. शतकाहून अधिक काळ रुजलेली ही विद्याशाखा पदवीच्या मराठी विद्यार्थ्यापर्यंत मात्र बहुधा इंग्रजी संज्ञांच्या प्रतिशब्दांतूनच पोहोचते. त्यात काय निसटते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

'आप्तसंबंध' हे प्रकरण घ्यावे. पाठ्यपुस्तक नातलगांची 'रक्तसंबंधी' आणि 'विवाहसंबंधी' अशी विभागणी करते. ती चुकीची नव्हे. पण ग्रामीण मराठीत 'भावकी' आणि 'सोयरे' हे जे दोन शब्द नांदतात, त्यांवर ती नीट बसत नाही. मामा रक्ताचा खरा, तरी तो भावकीतला नव्हे. भावकी ती बापाच्या बाजूची, एका कुळीची, जमिनीच्या वाटणीत समोर उभी राहणारी. मामाचे घर सोयऱ्याचे. ज्या समाजांत मामाच्या मुलीशी विवाह संमत आहे, तेथे मामाच सासरा होतो आणि त्या मुलीला आत्या ही सासू. अशी प्रथा नसलेल्या घरांतही सून सासूला 'आत्याबाई' म्हणते. एवढ्यावरून तेथे ती प्रथा पूर्वी होतीच, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल; संबोधने शिष्टाचार म्हणूनही पसरतात.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात भाषिक प्रदेशांनुसार नातेसंज्ञा तपासल्या आणि महाराष्ट्राचे स्थान उत्तरेच्या व दक्षिणेच्या पद्धतींच्या सांध्यावर दाखविले. बहुभाषी वर्गात याचा प्रत्यय लगेच येतो. मामाची मुलगी हिंदी भाषक हिंदू विद्यार्थ्यास सहसा बहीणच वाटते, तर तमिळमध्ये 'मामा' हा शब्द मामा व सासरा या दोघांनाही लागतो. मराठी विद्यार्थी या दोहोंच्या मध्ये उभा असतो. आणि खेड्यातून आलेला असेल तर वर्गातील इतरांपेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते. तरीही उत्तरपत्रिकेत 'सोयरा' लिहिण्यास तो कचरतो. घरचा शब्द शास्त्राचा नव्हे, असे त्याला कोणी उघड सांगितलेले नसते. पाठ्यपुस्तकात तो भेटत नाही, इतकेच.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा'ला (१९१५) हा संकोच नव्हता. बलुते, अलुते, वतन ही गावातली भाषा घेऊनच त्यांनी ग्रामव्यवस्थेची कठोर चिकित्सा केली.  समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तो ग्रंथ अगोदर नेमावा, प्रतिशब्दांची यादी मागाहून.