नुसतं पेट्रोल, की स्पार्कसुद्धा?

प्रश्न : माझ्याकडे बीएस-6 इंटरसेप्टर 650 आहे. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलल्यापासून रेस सोडली की फटफट आवाज येतो, आणि पूर्ण रेस दिली की गाडी मध्येच दमते. गॅरेजवाले म्हणतात, फ्युएल आणि इग्निशन दोन्ही बदलणारा ट्यूनर बसवा. नुसता फ्युएलचा स्वस्त मिळतोय. कोणता घेऊ? महाबळेश्वरला मित्राच्या रिसॉर्टवर कार्ब्युरेटरची जुनी क्वाड आहे, तिलाही तो चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फटफट आणि दमणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. रेस सोडल्यावर सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली गेली, की न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं. त्यामुळे आधी बेंडपाइपचं गॅस्केट नवं घालून क्लॅम्प आवळून घ्या. जोड गळत असेल तर कितीही महागडा ट्यूनर ही फटफट बंद करणार नाही.

दमण्याचं कारण मात्र पेट्रोलमध्ये असण्याची शक्यता जास्त. एकसारख्या वेगात ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण 14.7 ला एक असं धरून ठेवतो. पूर्ण रेसला तो सेन्सर बाजूला ठेवतो आणि कंपनीने भरून दिलेल्या तक्त्याप्रमाणे इंजेक्टर उघडतो. जोर हवा असेल तेव्हा हे प्रमाण साधारण 13 ला एक लागतं. तुम्ही हवा वाढवलीत, तक्ता जुनाच राहिला, म्हणून मिश्रण लीन झालं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडलं. फ्युएल ट्यूनर ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसून इंजेक्टर किती वेळ उघडा राहील तेवढं बदलतो. तुम्हाला एवढं पुरेल.

इग्निशनचं प्रकरण वेगळं. ज्वाला पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच स्पार्क पडतो; आरपीएम वाढला की आणखी आधी. ही वेळ थोडी अलीकडे ओढली तर कधी ताकद मिळते, पण जास्त ओढली की नॉकिंग सुरू होतं, आणि हेल्मेटमध्ये ते नेहमी ऐकू येईलच असं नाही. पिस्टनला भोक पडल्यावर मग कळतं! जास्त ऑक्टेनवर बसवलेला मॅप, म्हणजे ट्यूनरचा तक्ता, घेऊन आडगावच्या पंपावर कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरलंत, तरी हाच धोका. कॅम बदलला असेल, कॉम्प्रेशन वाढवलं असेल किंवा ट्रॅकवर उतरायचं असेल, तर इग्निशनला हात लावण्यात अर्थ आहे. बंगळुरूच्या रेसडायनॅमिक्सचा फ्युएलएक्स फक्त पेट्रोल सांभाळतो, त्यांचाच पॉवरट्रॉनिक दोन्ही. रोज कामावर जाणाऱ्या 650 ला मी पहिलाच सुचवेन आणि वाचलेले पैसे डायनोवर तुमच्याच गाडीचा मॅप बसवून घेण्यात घालवायला सांगेन. दुसऱ्याच्या गाडीवरून कॉपी केलेल्या मॅपवर माझा विश्वास नाही. त्याचा सायलेन्सर वेगळा, फिल्टर वेगळा. विकत घेण्यापूर्वी तो संच तुमच्या गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसतो का, हेही बघा. वायर कापायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा. वॉरंटी आणि पीयूसीचा प्रश्न उरतोच, तो तुम्ही सायलेन्सर बदललात तेव्हाच सुरू झाला.

क्वाडला हा ट्यूनर चालणार नाही, तिला इंजेक्टरच नाही. तिथे जेट बदलायचा असतो. महाबळेश्वर 1,300 मीटरहून उंच, हवा विरळ. गाडी किनाऱ्याकडून वर आणली असेल तर ती रिचच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालत असणार. प्लग काढून बघा. काळा, काजळी धरलेला दिसला तर मेन जेट एक नंबर लहान घालायला सांगा.