सहलीतील ताट आणि हलालचा विवेक



अल्लाहने मानवाला पृथ्वीवर संचार करण्यास मनाई केलेली नाही. उलट कुरआनात ठिकठिकाणी भूमीवर फिरून पाहण्याचे आवाहन आहे. मात्र या भूमीवरील जे हलाल आणि तय्यिब, म्हणजे वैध आणि शुद्ध आहे तेच खावे, हा आदेशही सूरह अल्-बकराच्या 168 व्या आयतीत आहे. प्रवाशाला नमाजेत आणि रोजात सवलत मिळते. ताटात मिळत नाही. जीव वाचविण्यासाठी लाचार झालेल्याची गोष्ट निराळी, आणि त्याच सूरहच्या 173 व्या आयतीत तिचा उल्लेख आहे. परंतु सहलीत लागलेली भूक ही ती लाचारी नव्हे.

हा विषय निघण्याचे कारण असे. आमच्या जमाअतीतील एक नवविवाहित दांपत्य इंडोनेशियातील बाली बेटावर गेले होते. मुसलमानांचा देश आहे, मग विचारायचे काय, या समजुतीने त्यांनी पहिल्याच दिवशी रस्त्याकडेच्या खानावळीत 'नासी चांपुर' मागविले. भात आणि त्याभोवती पाच-सहा पदार्थ, असे ते ताट असते. त्यातील बारीक चिरलेल्या भाजीचा पदार्थ सुनेने आवडीने खाल्ला. त्याचे नाव 'लावार' असून त्यात डुकराचे मांस होते, हे संध्याकाळी समजले. गावी परतल्यावर ही गोष्ट घरात कळली आणि त्या मुलीला उठता-बसता बोल ऐकावे लागू लागले. चाळीस दिवस आपली नमाज स्वीकारली जाणार नाही, असे कोणीतरी तिला सांगितले. तिने पतीकरवी मला विचारले, "मौलानासाहेब, मी नमाज पढावी की नाही?"

प्रश्न एका मुलीचा असला, तरी अशा सहली आता आपल्या अनेक घरांतून निघतात. म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

प्रथम त्या भूमीची ओळख

जगात सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या इंडोनेशियात आहे हे खरे, परंतु बाली बेटावरील बहुसंख्य लोक हिंदू आहेत. तेथील हिंदूंमध्ये डुकराचे मांस वर्ज्य नाही. अख्खे डुक्कर मसाला भरून भाजण्याचा 'बाबी गुलिंग' हा प्रकार तेथे सण-समारंभाचा मान समजला जातो. 'लावार' म्हणजे चिरलेल्या भाज्या, खोबरे, मसाला आणि मांस यांचे मिश्रण. त्याच्या तांबड्या प्रकारात रक्तही घालतात. सूरह अल्-माइदाच्या तिसऱ्या आयतीनुसार रक्त आणि डुकराचे मांस दोन्ही हराम आहेत. याउलट 'साते लिलित' हा काडीला लपेटून भाजलेला प्रकार कोठे मासळीचा असतो, कोठे डुकराचा. तेव्हा पदार्थाच्या नावावरून निर्णय करता येत नाही, विचारावेच लागते. यासाठी चार शब्द पाठ करून जावे : 'बाबी' म्हणजे डुक्कर, 'आयाम' म्हणजे कोंबडी, 'सापी' म्हणजे गाय-बैल आणि 'इकान' म्हणजे मासा. 'आदा बाबी?' एवढे विचारले, तरी यात डुक्कर आहे काय, हे समोरच्याला कळते.

कोठे जेवावे?

पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग मुस्लिम खानावळींचा. खानावळीला तेथे 'वारुंग' म्हणतात. जावा बेटावरून आलेल्या मुस्लिमांच्या वारुंग बालीत पुष्कळ आहेत आणि अनेकांच्या पाटीवर 'वारुंग मुस्लिम' असे स्पष्ट लिहिलेले असते. शेजारच्या लोंबोक बेटावर मुस्लिमांची बहुसंख्या आहे. तेथील 'आयाम तालिवांग' हा तिखट कोंबडीचा प्रकार बालीतही मिळतो. याखेरीज 'रुमा माकान पादांग', म्हणजे सुमात्राच्या मिनांगकाबाऊ मुस्लिमांच्या पद्धतीची भोजनगृहे आहेत. तेथे अनेक वाट्या एकदम समोर मांडण्याची रीत आहे. ज्या वाटीला हात लावाल तिचेच पैसे द्यायचे. अन्न वाया न घालविण्याची शिकवण सूरह अल्-आराफच्या 31 व्या आयतीत आहे. या रीतीत तिचे पालन सहज होते.

दुसरी खूण प्रमाणपत्राची. इंडोनेशियात 2014 साली हलाल उत्पादनांच्या हमीचा कायदा झाला आणि 2022 पासून जांभळ्या रंगाचे नवे हलाल चिन्ह प्रचलित झाले. ते चिन्ह भोजनगृहात किंवा वेष्टनावर दिसल्यास समाधान मानावे. मात्र लहान विक्रेत्यांना यासाठी अधिक मुदत देण्यात आली आहे. त्यामुळे चिन्ह नाही म्हणून एखाद्या मुस्लिम म्हातारीच्या वारुंगला संशयाने पाहू नये. मुस्लिमाने आपले अन्न हलाल आहे म्हटले, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हीच शरीअतची रीत आहे. काही लोक नुकतेच मुस्लिम झाले होते, त्यांनी आणलेल्या मांसावर अल्लाहचे नाव घेतले गेले की नाही, असा प्रश्न काहींनी प्रेषित (स.) यांना विचारला. आपण अल्लाहचे नाव घ्यावे आणि खावे, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. आदरणीय आयेशा (रजि.) यांची ही हदीस सहीह बुखारीत आहे.

तिसरा मार्ग मासळीचा. मासा कापण्याचा प्रश्न नसल्यामुळे कोणी पकडला यास महत्त्व राहत नाही. जिंबारानच्या किनाऱ्यावर ताजी मासळी निवडून, वजन करून निखाऱ्यावर भाजून देतात. येथे दोन गोष्टी विचाराव्यात. एक, त्याच जाळीवर डुकराचे मांस भाजतात काय? दुसरी, मसाल्यात मद्य आहे काय? चिनी पद्धतीच्या स्वयंपाकात तांदळाचे मद्य घालण्याची पद्धत आहे. त्याला तेथे 'आंग चिउ' म्हणतात. आपले कोकणी बांधव शाफई आहेत आणि इंडोनेशियाचे मुस्लिमही बहुतांशी शाफईच. त्यामुळे कोळंबी, माकूल यांबाबत त्यांना अडचण नाही. खेकड्याविषयी शाफई विद्वानांत मतभेद आहे. इंडोनेशियाच्या उलमा मंडळाने 2002 मध्ये तो हलाल असल्याचा फतवा दिला. हनफी वाचकांसाठी समुद्रातील केवळ मासाच हलाल आहे. कोळंबीला मासा मानावे काय, यावर हनफी उलमांत मतभेद असून खेकडा आणि शिंपले मात्र वर्ज्य आहेत. एकाच सहलीत दोन्ही मसलकांची माणसे असतील, तर एकमेकांच्या ताटावर टीका करू नये.

चौथा मार्ग भात, भाजी, फळे, टोफू, शेंगदाण्याचा रस्सा अशा शाकाहाराचा. हिंदू बांधवाच्या हातचे शाकाहारी अन्न हलालच आहे. फक्त चरबी आणि भांडी यांची खात्री करावी. बिगरमुस्लिमांच्या भांड्यांविषयी प्रेषित (स.) यांना विचारले असता, दुसरी मिळत असतील तर ती टाळावीत, न मिळाल्यास धुऊन वापरावीत, असे मार्गदर्शन त्यांनी केले. हॉटेलच्या न्याहारीत एकच चिमटा सर्व पदार्थांत फिरतो. म्हणून तेथे झाकलेले, वेगळे ठेवलेले अन्न आणि सोललेली फळे बरी. ज्या मेजावर मद्य फिरत आहे तेथे मात्र बसू नये, मग आपल्या पेल्यात शहाळ्याचे पाणी का असेना.

विचारावे कसे?

हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि दोहोंमध्ये काही संशयास्पद गोष्टी आहेत. त्यांपासून जो दूर राहिला त्याने आपला धर्म आणि अब्रू राखली, असा एका सुप्रसिद्ध हदीसचा आशय आहे. परंतु संशय टाळणे वेगळे आणि यजमानाचा अपमान करणे वेगळे. नाक मुरडून विचारू नये. बालीतील हिंदू आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना पूर्वापार 'न्यामा सेलाम' म्हणतात. त्याचा अर्थ मुस्लिम भाऊबंद. सणाला एकमेकांच्या घरी अन्न पाठविण्याची 'ङेजोत' ही तेथील चाल आपल्या शिरखुर्मा आणि दिवाळीच्या फराळाची आठवण करून देणारी आहे. मुसलमान काय खात नाही हे त्यांना ठाऊक आहे. नम्रपणे विचारले तर बहुधा तेच योग्य वारुंगचा रस्ता दाखवितात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

मुली, नमाज अवश्य पढ. अजाणतेपणी झालेल्या चुकीवर अल्लाहची पकड नाही; सूरह अल्-अहजाबच्या पाचव्या आयतीत हे तत्त्व आले आहे, आणि सूरह अल्-बकराच्या शेवटच्या आयतीत तर अशा चुकीवर पकड न करण्याची दुआच आपल्याला शिकविली आहे. कळताच थांबावे, तोंड स्वच्छ धुवावे, इस्तिगफार करावा आणि पुढे सावध राहावे. याचा कफ्फारा नाही. चाळीस दिवसांची ताकीद हदीसमध्ये मद्य पिणाऱ्याविषयी आली आहे. न कळत घास गेलेल्या व्यक्तीला ती लावणे चूक आहे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनो, आदरणीय अबू बक्र (रजि.) यांच्या पोटात नकळत अवैध कमाईचा घास गेला, तेव्हा त्यांनी घशात बोट घालून तो बाहेर काढला. ही त्यांची ईशपरायणता होती, आणि ती त्यांनी स्वतःपुरती वापरली. आपण मात्र ती सुनेला मारण्याची काठी करतो. तिने जो घास खाल्ला तो नकळत; आपण जे टोमणे मारतो ते जाणूनबुजून. पाठीमागे निंदा करणे म्हणजे मृत भावाचे मांस खाणे, ही उपमा सूरह अल्-हुजुरातच्या 12 व्या आयतीत आहे. एका अजाणत्या घासाचा हिशेब मांडताना हे मांस आपण रोज खात नाही ना, याचाही विचार करावा. आणि सहलीला निघणाऱ्या मुलांना घरीच ही माहिती देणे हे आपले कर्तव्य होते, हेही विसरू नये.

अल्लाह आपल्या ताटात हलाल, जिभेवर सौम्यता आणि घरात क्षमा देवो. आमीन.