श्रद्धा कमी पडली का?

मनन-पाठ : इब्री लोकांस पत्र, अध्याय ११



२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो आपल्यापैकी अनेकांनी गावाकडून आलेल्या फोनवरच पाहिला. सोयाबीन काढणीला आले होते, कापसाची बोंडे उमलू लागली होती, आणि शेतात कमरेइतके पाणी. काही ठिकाणी तर पिकाबरोबर मातीही वाहून गेली. त्यानंतरच्या एका रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या चर्चमधील एक गृहस्थ सॅक्रिस्टीत आले. नोकरी शहरात, पण गोदाकाठच्या गावी भावाबरोबर साडेतीन एकर जमीन आहे. जूनमध्ये पाऊस लांबला तेव्हा घरातील सर्वांनी मिळून नऊ दिवसांची नोव्हेना केली होती. पाऊस आला आणि अखेरीस सारे घेऊन गेला. त्यांनी विचारले, "फादर, आमची श्रद्धा कमी पडली का?"

बाहेर बाप्तिस्म्याचे कुटुंब ताटकळत होते. आम्ही घाईत होतो. "देवाची इच्छा," असे म्हणून आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते "बरं फादर" म्हणाले आणि गेले. ते उत्तर नव्हते हे आम्हाला तेव्हाच कळले होते. म्हणून हा पाठ आधी त्यांच्यासाठी आणि मग आपणा सर्वांसाठी.

त्यांचा प्रश्न ज्या वचनातून निघतो ते वचन आपण नेहमी ऐकतो. श्रद्धेवाचून देवाला संतोषविणे शक्य नाही, असे इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातील सहाव्या ओवीत सांगितले आहे. आपण लगेच हिशेब मांडतो : श्रद्धेने देव संतुष्ट होतो, संतुष्ट झाला की देतो, दिले नाही म्हणजे संतुष्ट नव्हता, म्हणजे आमची श्रद्धा कमी पडली. हिशेब बिनचूक दिसतो, पण पहिल्याच पायरीवर चुकलेला आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमचा या प्रश्नावर बराच वाद होत असे. ज्याला कशाचीच उणीव नाही त्याला संतोषविणार कसे? संत थॉमस अक्वायनस सांगतात की आपण देवाचा गौरव करतो तो देवाच्या फायद्यासाठी नव्हे, आपल्याच भल्यासाठी. आपल्या स्तुतीने देवाच्या थोरवीत भर पडत नाही, ही कबुली मिस्साविधीच्या एका प्रास्ताविक प्रार्थनेतही आहे. पन्नासाव्या स्तोत्रात तर परमेश्वर स्पष्टच बजावतो की मला भूक लागली तरी मी तुम्हाला सांगणार नाही, रानातील सारी जनावरे माझीच आहेत. तेव्हा कचेरीत साहेबांची मर्जी सांभाळावी तशी देवाची मर्जी सांभाळता येत नाही. मेणबत्त्यांची संख्या वाढवून किंवा नोव्हेनाचे दिवस वाढवून तो आपल्या बाजूला वळत नाही. (मेणबत्ती लावू नका असे आम्ही म्हणत नाही. मेणबत्ती लाच म्हणून लावू नका, एवढेच.)

मग संतोषविणे म्हणजे काय? सहाव्या ओवीच्या आधीची ओवी पाहावी. ती हनोखाविषयी आहे. उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात हनोखाची माहिती अगदी थोडकी आहे. पासष्टाव्या वर्षी मुलगा झाला, एकूण ३६५ वर्षे जगला, आणि मग देवाने त्याला नेले. त्याने तारू बांधले नाही, समुद्र दुभंगला नाही, राज्य केले नाही. हिब्रू मजकूर त्याच्याविषयी एकच गोष्ट दोनदा सांगतो, की तो देवाबरोबर चालला. ख्रिस्तापूर्वी ज्यूंनी जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर केले तेव्हा भाषांतरकारांनी त्या जागी वेगळे क्रियापद घातले : हनोखाने देवाला संतोषविले. इब्री पत्राच्या लेखकापुढे हेच ग्रीक भाषांतर होते, आणि संतोषविण्याचा शब्द त्याने तेथूनच घेतला. म्हणजे ज्याला एका भाषेत देवाबरोबर चालणे म्हटले त्यालाच दुसऱ्या भाषेत देवाला संतोषविणे म्हटले. दोन गोष्टी नाहीत, एकच आहे. आम्हाला हे समजायला पुष्कळ वर्षे लागली.

चालणे कोणाबरोबर होते? ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याबरोबर. अंधारात लहान मूल बापाचे बोट धरते तेव्हा वाट कुठे जाते हे त्याला ठाऊक नसते. बाप ठाऊक असतो. सहावी ओवी देव शोधणाऱ्यांना प्रतिफळ देतो असेही म्हणते, ही गोष्ट खरी. पण ते प्रतिफळ त्याला शोधणाऱ्यांना आहे, आणि शोधणाऱ्याला जे सापडायचे ते तोच.

आता याच अध्यायाच्या शेवटाकडे या. श्रद्धेच्या वीरांची यादी वाचताना आपण बहुधा मध्येच थांबतो. बत्तिसाव्या ओवीपासून पुढे पाहा. श्रद्धेने काहींनी राज्ये जिंकली, सिंहांची तोंडे बंद केली, अग्नीची धग शमविली, तलवारीच्या धारेतून ते निसटले. स्त्रियांना त्यांची मेलेली माणसे जिवंत परत मिळाली. येथे पस्तिसाव्या ओवीच्या मध्यावर वाक्य वळते. दुसऱ्या काहींचे हाल हाल झाले. चाबूक, साखळदंड, तुरुंग. काहींना दगडमार झाला, काहींना करवतीने चिरले, आणि काही तलवारीने मारले गेले. मेंढरांची कातडी पांघरून ते रानोमाळ, गुहांत भटकत राहिले.

तलवार दोनदा आली आहे याकडे लक्ष द्या. चौतिसाव्या ओवीत तिच्यापासून सुटका झाली, सदतिसाव्या ओवीत तिनेच जीव गेला. दोघांची श्रद्धा वेगळी होती असे लेखक म्हणत नाही. पहिल्यांची पूर्ण आणि दुसऱ्यांची अर्धी, असे तर मुळीच नाही. एकोणचाळिसाव्या ओवीत तो सर्वांना एकत्र घेतो आणि या सर्वांविषयी त्यांच्या श्रद्धेमुळे चांगली साक्ष दिली गेली असे सांगतो. ज्याचे पीक बुडाले त्याची श्रद्धा शेजाऱ्याहून उणी होती, असे म्हणायला पवित्र शास्त्रात आधार नाही. जे प्रवचनकार तसे म्हणतात त्यांनी हा अध्याय पस्तिसाव्या ओवीपर्यंतच वाचला असावा.

आपल्याच महाराष्ट्रात एका स्त्रीच्या आयुष्यात या दोन्ही बाजू दिसतात. पंडिता रमाबाई आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी अँग्लिकन मंडळीत बाप्तिस्मा घेतला. पण श्रद्धेच्या शाळेत वर्गवारी करू नये. लहानपणी त्या भुकेतून गेल्या होत्या. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेले, आणि त्या भावाबरोबर पायी वणवण हिंडल्या. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते लवकरच पुण्याला नेले. त्याच्या खर्चाची हमी अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षांसाठी घेतली होती. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती.

याच सुमारास, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हातात पैसा थोडा होता आणि हमी संपत आली होती. हिशेबी माणूस म्हणाला असता, थांबा. रमाबाई गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे दिवस होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर ठेवले. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्यासारख्यांची चरित्रे वाचून त्यांना प्रश्न पडला होता : जो भरवसा इतर देशांत टाकता येतो तो हिंदुस्थानात टाकता येणार नाही काय?

पण भरवसा टाकला म्हणून रमाबाई हात जोडून बसून राहिल्या नाहीत. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, छापखाना काढला, आणि मुलींनीच खिळे जुळविले. संध्याकाळची प्रार्थना आणि सकाळची मोट यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आणि दुसरी बाजू. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती पुढचे सारे काम सोपवायचे होते, ती १९२१ मध्ये वारली. वर्षही लोटले नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. शेकडो परक्या मुली दुष्काळाच्या तावडीतून सुटल्या आणि पोटची मुलगी राहिली नाही. श्रद्धा तीच होती. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करीत होत्या.

आपल्या शहरातील कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स (१५६७-१६२२) यांनी संसारी माणसांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एक चित्र रेखाटले आहे. मूल एका हाताने बापाचा हात धरते आणि दुसऱ्या हाताने कुंपणावरची रानफळे तोडते. आपला कामधंदा असा करावा, असे ते सांगतात. दोन्ही हातांनी फळे गोळा करायला गेलो तर बापाचा हात सुटतो. पण दोन्ही हातांनी बापाला बिलगून बसा, असेही त्यांनी सांगितलेले नाही, हे आमच्या आळशी मंडळींनी ध्यानात घ्यावे. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे चार खेपा घालणे, पीकविम्याचे कागद जमविणे, बांध पुन्हा घालणे हे सारे त्या दुसऱ्या हाताचे काम आहे. त्याने श्रद्धा कमी होत नाही. नदीच्या पात्रात कोणी बांधकामे केली, नाले कोणी बुजविले, हे विचारणेही त्याच हाताचे काम आहे. माणसाच्या चुका देवाच्या इच्छेच्या खात्यावर टाकू नयेत. आम्ही त्या रविवारी घाईत तेच केले.

कोरडवाहू शेतकऱ्याला अनुवादाच्या अकराव्या अध्यायातील एक जागा लगेच कळेल. मोशे इस्राएल लोकांना सांगतो की तुम्ही जाता तो देश मिसर देशासारखा नाही. तेथे भाजीच्या मळ्याप्रमाणे पायाने पाणी देत होता. आपल्याकडे दारे धरताना पायाने माती सारून वाफ्यात पाणी सोडतात, तसेच. हा देश मात्र डोंगरदऱ्यांचा, आकाशाच्या पावसावर भिजणारा. देवाने आपल्या लोकांना नाईलचा पाट दिला नाही, वर पाहायला लावणारी जमीन दिली. पण पावसाचे माप तुमच्या मनासारखे राहील, असे मोशेने वचन दिले नाही. त्या जमिनीवर परमेश्वराची दृष्टी वर्षाच्या आरंभापासून शेवटापर्यंत असते, एवढे सांगितले. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, मिलो खाल्ला आणि खडी फोडली, त्या आपल्या आजी-आजोबांना विचारा. त्या वर्षी देव दिसला का असे आम्ही एका आजीबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "दिसला न्हाई, पर व्हता."

दिवाळीनंतर आम्ही त्या गृहस्थांच्या गावी गेलो. घाईत दिलेल्या उत्तराबद्दल क्षमा मागितली आणि बांधावर बसून वर लिहिलेले बरेचसे त्यांना सांगितले. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तलवारीचं पटलं, फादर. पण हरभऱ्याचं बियाणं उसनं आणलंय." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि या वेळी आम्ही दिलेही नाही. पेरलेल्या रानात उभे राहून त्यांच्या भावासह आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. रोजच्या भाकरीच्या विनंतीपाशी त्यांचा आवाज जरा थांबला, मग ते पुढे म्हणू लागले.

या आठवड्याच्या प्रार्थनासभांत इब्री ११:३२-४० मोठ्याने वाचावे. वाचणाऱ्याने पस्तिसाव्या ओवीत थांबू नये. ज्यांच्या गावच्या नुकसानभरपाईचे कागद अडकलेले आहेत त्यांनी सातबारा व बँकेच्या पासबुकाची प्रत घेऊन शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर पॅरिश कार्यालयात यावे. अर्ज भरून देण्यासाठी युवकांपैकी दोघे तेथे असतील.