संहितेचा संदर्भ देताना

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादासाठी आम्ही रसायनावर निबंध लिहिला. मेध्य रसायनांच्या श्लोकांपुढे ‘च.चि. १/३०’ असे लिहून मोकळे झालो. एका ज्येष्ठ वैद्यांनी सभेतच सांगितले की त्या स्थळी हा श्लोक नाही. दोष सर्वस्वी आमचा होता. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायाचे चार पाद असून प्रत्येक पादात श्लोकांचे क्रमांक नव्याने सुरू होतात. मेध्य रसायने तिसऱ्या पादात येतात, तेव्हा ‘च.चि. १-३/३०-३१’ असे लिहावयास हवे होते. वाजीकरणाच्या दुसऱ्या अध्यायाचीही रचना अशीच आहे. खरे सांगावयाचे तर आम्ही संहिता उघडलीच नव्हती, एका पाठ्यपुस्तकातील तळटीप उतरवून घेतली होती.

पाद लिहूनही भागत नाही. प्रत सांगावी लागते. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेल्या निर्णयसागर प्रतीत (मुंबई, १९४१) अर्शचिकित्सा हा चौदावा अध्याय आहे, तर गंगाधर कविराजांच्या प्रतीत तो राजयक्ष्म्याच्या पाठोपाठ येतो. दृढबलाने पूर्ण केलेले चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय नेमके कोणते, या मतभेदाशी हा क्रमभेद निगडित आहे. म्हणून अध्यायाच्या क्रमांकासोबत त्याचे नावही द्यावे, हे उत्तम.

टीकाकाराचे मत मूळ ग्रंथकाराच्या नावावर घालू नये. चक्रपाणीचे म्हणणे ‘चरक म्हणतात’ असे छापलेले आम्ही अनेकदा वाचले आहे. नुसते ‘वा.’ लिहिल्यास अष्टांगहृदय की अष्टांगसंग्रह, हे कळत नाही. माधवनिदानात चरक, सुश्रुत व वाग्भट यांचे पुष्कळ श्लोक आहेत. आपण श्लोक माधवात वाचला असेल, तर माधवाचाच निर्देश करावा. मूळ स्थळ स्वतः पाहिल्याशिवाय ते लिहू नये.

औषधनिर्मात्या बंधूंना हा केवळ लेखनाचा विषय वाटू नये. औषध नियम, १९४५ मधील नियम १६१ प्रमाणे लेबलावर प्रमाणग्रंथातील निर्माणविधी व अधिकरण यांचा निर्देश लागतो. आता ‘लक्ष्मीविलास’ हेच नाव घ्या. नारदीय पाठ वेगळा, सुवर्णयुक्त पाठ वेगळा. लेबलावर केवळ ग्रंथाचे नाव असेल, तर चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्याने काय समजावे? त्या परिसंवादापासून आम्ही चिठ्ठीवरही पाठाचे पूर्ण नाव लिहितो, आणि औषधविक्रेत्याने फोन करून विचारले तर ग्रंथ उघडूनच उत्तर देतो.