न मारतां केलेला जुलूम

(कुटुंबवर्गासाठीं पाठ)

शास्त्रपाठ : मलाखी २:१३–१६, इफिस ५:२५–२९, १ पेत्र ३:७

पतीनें हात उगारला नाहीं म्हणजे घरांत जुलूम नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. परंतु पत्नीची मजुरी रोज काढून घेणें, तिला माहेरीं जाण्यास बंदी करणें, उपासनेहून येण्यास उशीर झाल्यास जाब विचारणें, मुलें हिरावून घेण्याची धमकी देणें, हीही निर्दयताच होय. अंगावर वळ नसतो, तरी ती स्त्री नित्य भयांत वावरते.

१. वचनाची शिकवण. पति मस्तक आहे, एवढेंच कित्येक जण इफिसच्या पत्रांतून उचलतात. तेथें मस्तकपणाचें माप ख्रिस्ताचें आत्मार्पण हें आहे, हुकूमत नव्हे. मलाखी पत्नीस सोबतीण म्हणतो. आणि जो पत्नीस मान देत नाहीं त्याच्या प्रार्थनेस अडथळा येतो, असें पेत्र बजावतो.

२. घर सोडल्यावर. विभक्त झाल्यानें हा पाश तुटतोच असें नाहीं. १९८० च्या दशकांत सांगली व सातारा जिल्ह्यांत कासेगांवच्या इंदुताई पाटणकर व त्यांच्या सहकारिणींनीं स्त्री मुक्ति संघर्ष चळवळीच्या द्वारें परित्यक्तांचा प्रश्न हातीं घेतला. ज्या स्त्रीस टाकलें तिचें नांव पतीच्याच रेशनकार्डावर राहिलें, तर धान्यासाठींही तिनें कोणाकडे पाहावें? म्हणून स्वतःच्या नांवाचें रेशनकार्ड व राहावयास जागा मिळावी, अशी त्यांची मागणी होती.

३. कायद्याचा आधार. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला. शाब्दिक, मानसिक व आर्थिक छळही त्यांत येतो, आणि विभक्त राहणाऱ्या पत्नीसही अर्ज करितां येतो. संरक्षण, निवारा, खर्चाची रक्कम व मुलांचा तात्पुरता ताबा यांविषयीं न्यायाधीश हुकूम देऊं शकतात. पूर्वीं ख्रिस्ती पत्नीस केवळ क्रूरतेच्या कारणानें घटस्फोट मिळत नसे. २००१ च्या दुरुस्तीनें तें स्वतंत्र कारण ठरलें.

४. मंडळीचें कर्तव्य. अशी बहीण आली असतां पाळकांनीं व वडिलांनीं तिचें म्हणणें पतीसमोर नव्हे, एकांतीं ऐकावें. "त्यानें मारलें का?" एवढेंच विचारून तिला परत धाडूं नये. क्षमा करणें म्हणजे पुन्हा त्याच बंधनांत जाणें, असें तिला शिकवूं नये. पतीचा पश्चात्ताप त्याच्या शब्दांवरून नव्हे, वर्तनावरून पारखावा.

विचारासाठीं प्रश्न :
(१) आपल्या घरांतील पैसा कोणाच्या हातीं असतो?
(२) आपली पत्नी न भितां "नाहीं" म्हणूं शकते काय?
(३) टाकलेल्या बहिणीस आपल्या मंडळींत मानाचें स्थान आहे काय?