सगळे बाजूला व्हा!

कॅज्युअल्टीत नर्सची नोकरी करताना डिफिब्रिलेटरने, आमच्या बोलीत शॉकच्या मशीनने, मला काय काय शिकवलं त्यातलं हे थोडं.

१. शॉक हृदय सुरू करत नाही, थांबवतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चकित झाले होते. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जातच नाही. भजनात प्रत्येक टाळकरी आपापल्या तालात वाजवू लागला, तर बुवा हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. शॉकचं काम तेवढंच. पुन्हा ठेका धरायचा तो हृदयातल्या सायनस नोडने. तो धरतोच असं नाही.

२. सरळ रेषेला शॉक नसतो. सिनेमात रेषा सपाट झाली की डॉक्टर पॅडल घेऊन धावतात, म्हणून दारातून नातेवाईक कळवळून विचारतात, "सिस्टर, शॉक का देत नाही?" थांबवायला थरथरच उरलेली नसते. तिथे छाती दाबणं आणि अ‍ॅड्रेनालिन, एवढंच हातात असतं. पण त्या घाईत हे समजावणार कोण? आपल्या माणसासाठी काहीच केलं नाही, असा सल घेऊन माणसं घरी जातात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

३. यंत्राआधी हात लागतात. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबायचं. दुसऱ्या नर्सने तोवर छातीवरचा घाम पुसायचा, दाट केसांवर रेझर फिरवायचा, एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली आणि दुसरं डाव्या काखेखाली चिकटवायचं. मंगळसूत्र पॅडखाली येऊ द्यायचं नाही, बाजूला सरकवलं की पुरे. बाईमाणूस असेल तर बाहेर लोकांचे हात कपड्यांपाशीच अडतात. ब्लाउज बेलाशक कापावा. जीव गेल्यावर कसली आलीय लाज? मग "सगळे बाजूला व्हा!" पलंगाला कुणाचा हात टेकलेला नाही ना, हे डोक्यापासून पायापर्यंत बघायचं आणि बटण दाबायचं. शॉक बसला की लगेच पुन्हा छाती दाबायला घ्यायची. मॉनिटर बघायचा तो दोन मिनिटांनी.

४. यंत्र माणसाकडे जायला हवं. हे ओळखलं बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी. हार्ट अ‍ॅटॅकचे कितीतरी रुग्ण हॉस्पिटल गाठण्याआधीच जातात, हे बघून १९६५च्या सुमारास त्यांनी गाडीच्या बॅटऱ्यांवर चालणारं, जवळजवळ ७० किलोंचं यंत्र अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवलं. आजचा एईडी, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा स्वयंचलित डिफिब्रिलेटर, एका हातात मावतो, काय करायचं ते बोलून सांगतो आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही. अमेरिकेतल्या कॅसिनोंमधले सुरक्षारक्षक तो वापरायला शिकले. २००० साली छापून आलेल्या तिथल्या पाहणीत, कोसळल्यापासून तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेले ७४ टक्के लोक जगून घरी गेले. रक्षकांनी हे करून दाखवलं, याचं मला डॉक्टरांच्या कौतुकाहून जास्त अप्रूप आहे.

५. छाती दाबणारं कुणी नसेल तर शॉक लांबलेल्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून विमानतळावर, मॉलमध्ये, जिममध्ये गेले की माझी नजर आधी भिंतीवरचा एईडी शोधते. परवा एका सोसायटीत अभिमानाने सांगितलं गेलं, "आमच्याकडे आहे, ऑफिसच्या कपाटात." मी विचारलं, रात्री किल्ली कुणाकडे असते?