अप्रेझल वाईट आलं, आणि एडीएचडी आहे: काय करायचं

साहित्य: अप्रेझलची छापील प्रत, पेन, कोरे कागद. फोन घरी. उज्जैनकरांनी बसायला राम घाट निवडावा, संध्याकाळच्या क्षिप्रा आरतीआधीचा तासभर. गर्दी असते, असू दे. एडीएचडी असलेल्याला वेळ किती गेला हे अनेकदा आतून कळत नाही. आरतीची घंटा ते बाहेरून सांगते. घंटा वाजली की कागद मिटायचे, वाक्य अर्धं असलं तरी.

त्याआधी एक पथ्य. शेरा मिळाला त्या दिवशी साहेबांना मेल नाही, राजीनाम्याचा तर नाहीच. फक्त मुदत पाहून ठेवायची. केंद्र सरकारी नोकरीत एपीएआर (वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल) हाती आल्यापासून १५ दिवसांत निवेदन देता येतं, आणि ही तारीख विसरायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

घाटावर पहिलं काम: विशेषणं खोडा. ‘निष्काळजी’, ‘लक्ष नसतं’ यांवर काही उपाय करता येत नाही. प्रत्येक शेऱ्यासमोर घटना लिहा: कुठलं काम, कधीचं, नेमकं कुठे अडलं. सुरूच झालं नाही? मध्येच दुसरं काही शिरलं? की पूर्ण होऊनही पाठवायचं राहिलं? हा तिसरा प्रकार सगळ्यात चरफडायला लावणारा, पण सुधारायला सगळ्यात सोपा: ‘काम झालं’ याचा अर्थ ‘पाठवलं’ असाच धरायचा. सुरूच न होणाऱ्या कामासाठी शेजारी सहकारी बसवा. तो काही न बोलता आपलं काम करत असला तरी चालतं. घटना आठवली नाही तिथे प्रश्नचिन्ह.

ती प्रश्नचिन्हं घेऊन साहेबांकडे वेळ मागा. सफाई देऊ नका. विचारा: “सर, तीन महिन्यांनी माझ्या कामात कुठल्या दोन गोष्टी सुधारलेल्या दिसायला हव्यात?” ठरलेलं त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा. तोंडी कामं लेखी मागा, मोठ्या कामाला मधल्या तारखा मागा. उज्जैनचा पुढचा सिंहस्थ कुंभमेळा २०२८ मध्ये आहे हे शहराला २०१६ पासूनच ठाऊक होतं. तरी मधले टप्पे त्यालाही लागतातच.

एडीएचडी आहे हे सांगायचं का? माझं मत: घाई नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव वेगळं नाही, त्यामुळे कायद्याच्या भरवशावर बसू नये. वरच्या सवलती निदान न सांगताही मिळू शकतात.

निदानच झालं नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं न्या. लक्षणं बाराव्या वर्षाआधी होती का, हे डॉक्टर पाहतात; बाईंचे शेरे तिथे कामी येतात. कुठे जायचं सुचत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. औषध चालू असेल तर मात्रा मनाने बदलू नका.

मग दर शुक्रवारी ठरलेल्या दोनच गोष्टी तपासा आणि साहेबांना तीन ओळींचा मेल टाका. एखादा शुक्रवार चुकला तर सोमवारी पाठवा, माफीचा परिच्छेद न जोडता.